अपग्रेडनंतर मेल सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं: आपल्या ओळी नेमक्या कुठे लिहायच्या?

कुळागर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याचा मेल सर्व्हर मी सहा वर्षं सांभाळतोय. ४२ खाती, डेबियन लिनक्स, मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स आणि खात्यातली मेल वाचायला द्यायला डव्हकॉट. चवथीच्या आदल्या आठवड्यात तिथे जे घडलं ते सुट्टीत लिहायचं राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहितो. एकाच माणसाच्या भरवशावर चाललेले असे सर्व्हर माझ्या ओळखीतच पाच-सहा आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्याही मशीनवर हीच गोष्ट होऊ शकते, म्हणून कळकळ. (आज्ञा आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन लिपीत करा.)

शनिवारी दुपारी कारखाना सुटल्यावर सर्व्हर डेबियन ११ वरून १२ वर नेला. त्यासाठी एका ठेकेदाराने पूर्वी लिहून दिलेली स्क्रिप्ट होती, तीच चालवली. तासाभरात काम झालं. मशीन पुन्हा सुरू केलं, पोस्टफिक्स चालू, डव्हकॉट चालू, लॉगमध्ये एकही तक्रार नाही. स्वतःलाच एक मेल पाठवली, ती आली. दार लावून घरी गेलो.

सोमवारी सकाळी साडेआठला हिशेब विभागातल्या बाईंचा फोन. "मेल जाते, पण येत काहीच नाही. फोन सारखा कसलं तरी प्रमाणपत्र विचारतोय. स्वीकारा म्हणू?" मी म्हटलं, अजिबात नको, मी पोचतो. पण पाऊस असा होता की फर्मागुढीची चढण चढायलाच अर्धा तास गेला. पोचलो तोवर अकरा जणांनी "स्वीकारा" दाबलेलं होतं.

बाहेरून दोन्ही पोर्ट (सर्व्हरशी जोडणीची दारं) तपासले. पाठवण्याच्या ५८७ वर लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं आमचं नेहमीचं प्रमाणपत्र दिसलं. मेल वाचण्याच्या ९९३ वर मात्र भलतंच: देणारा कोण, तर खुद्द आमचं मशीन. नावही डोमेनचं नाही, मशीनचं अंतर्गत नाव. मुदत १० वर्षांची. पाठवता येतं पण येत नाही, याचं कारण एवढंच होतं.

मग डव्हकॉटच्या सेटिंगची फाइल /ईटीसी/डव्हकॉट/कॉन्फ.डी/१०-एसएसएल.कॉन्फ उघडली. तिथे माझी ओळ अशी होती:

एसएसएल_सर्ट = </ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/लाइव्ह/…/फुलचेन.पेम

आणि आता होती अशी:

एसएसएल_सर्ट = </ईटीसी/डव्हकॉट/प्रायव्हेट/डव्हकॉट.पेम

ही दुसरी फाइल म्हणजे नुसता दुवा आहे, तो जातो एसएसएल-सर्ट पॅकेजने (पॅकेज म्हणजे डेबियनकडून तयार येणारं सॉफ्टवेअर) बनवलेल्या "स्नेकऑइल" प्रमाणपत्राकडे. स्नेकऑइल म्हणजे भोंदू वैद्याचं तेल. नावच बजावतं की हे चाचणीपुरतं आहे, खऱ्या कामाला लावू नका. आणि त्याच फोल्डरमध्ये शेजारी १०-एसएसएल.कॉन्फ.यूसीएफ-ओल्ड अशी फाइल होती. तिच्यात माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या दोन्ही ओळी, प्रमाणपत्राची आणि त्याच्या किल्लीची, जशाच्या तशा. म्हणजे पॅकेजने माझं लिखाण टाकून दिलं नव्हतं, बाजूला काढून ठेवलं होतं, फक्त त्याच्याकडे पाहणारं कुणी नव्हतं.

हे का होतं ते आधी नीट समजून घेऊ. डेबियनमध्ये सेटिंगची फाइल बदलायची वेळ आली की पॅकेज बसवणारा डीपीकेजी तीन गोष्टी ताडून पाहतो: मागच्या वेळी पॅकेजने दिलेली फाइल, आज डिस्कवर असलेली फाइल आणि नव्या पॅकेजमधली फाइल. तुम्ही हात लावला नसेल तर नवी बसवतो. तुम्ही बदल केलाय पण पॅकेजने केलेला नाही, तर तुमची ठेवतो. दोघांनी बदल केला असेल तर थांबून विचारतो. वाय म्हणजे पॅकेजची घ्या, एन म्हणजे माझी ठेवा, डी म्हणजे फरक दाखवा, झेड म्हणजे शेल उघडा. नुसतं एंटर मारलं तर तुमचीच राहते. डव्हकॉटच्या फायली यूसीएफ नावाच्या वेगळ्या साधनाकडे असतात, पण विचारण्याची रीत साधारण तीच.

आमच्या स्क्रिप्टने हा प्रश्नच येऊ दिला नाही. तिच्यात वरच "नॉनइंटरॲक्टिव्ह" होतं, खाली "फोर्स-कॉन्फन्यू" आणि यूसीएफसाठीची तशीच एक ओळ. अर्थ: काही विचारू नका, प्रत्येक फाइल नवीच बसवा.

आता ज्यासाठी धागा काढला ती गोष्ट. डव्हकॉटचं माझं बाकीचं सगळं, मेलडिरची जागा, पोस्टफिक्ससाठीचं सॉकेट, जोडण्यांच्या मर्यादा, हे लोकल.कॉन्फ या फायलीत होतं. मुख्य डव्हकॉट.कॉन्फच्या शेवटी ती असेल तर वाचा असं लिहिलेलं असतं. ही फाइल पॅकेज देत नाही, त्यामुळे अपग्रेडने तिला स्पर्शही केला नाही. फक्त प्रमाणपत्राच्या दोन ओळी मी अगदी पहिल्या दिवशी घाईत पॅकेजच्या फायलीत लिहिल्या होत्या. तेवढ्याच गेल्या. एकाच मशीनवर, एकाच दुपारी, एकाच स्क्रिप्टखाली एका फायलीतलं सगळं टिकलं आणि दुसऱ्या फायलीतलं पुसलं गेलं. जी फाइल पॅकेजसोबत येते ती आपली समजू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या दोन ओळी आता लोकल.कॉन्फमध्ये आहेत. लिहिताना फायलीच्या मार्गाआधीची कोनाची खूण (<) विसरू नका. २.३ मध्ये ती नसेल तर डव्हकॉट त्या मार्गाच्या अक्षरांनाच प्रमाणपत्र समजतो.

तुमच्याकडे काय रीत आहे? आणि त्या अकरा जणांचं काय करायचं, यावर अनुभव असेल तर जरूर लिहा.

---

झुआरीपार | शनिवार, रात्री १०:१५

छान मांडलंस. आमच्याकडे वेर्ण्याला रेड हॅटच्या घराण्यातली सिस्टिम आहे, तिथे पॅकेज बसवणाऱ्या आरपीएमची तऱ्हा वेगळी. ती विचारत नाही. पॅकेज बांधणाऱ्याने फाइलला "नोरिप्लेस" असं लावलं असेल तर तुमची फाइल जागेवर राहते आणि नवी .आरपीएमन्यू नावाने शेजारी पडते. लावलं नसेल तर नवी बसते आणि तुमची .आरपीएमसेव्ह होते. त्यामुळे अपग्रेड झालं की माझं पहिलं काम:

फाइंड /ईटीसी -नेम '*.आरपीएमन्यू' -ओ -नेम '*.आरपीएमसेव्ह'

.आरपीएमसेव्ह दिसली तर त्याच क्षणी उघडतो, कारण आपलं काहीतरी उखडलं गेलंय हे नक्की. .आरपीएमन्यू निवांत वाचली तरी चालते. डेबियनवाल्यांनी डीपीकेजी-ओल्ड, डीपीकेजी-डिस्ट, यूसीएफ-ओल्ड, यूसीएफ-डिस्ट ही चार शेपटं शोधावीत.

---

निवृत्त_मास्तर | शनिवार, रात्री १०:५०

मी तांत्रिक माणूस नव्हे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाचा पत्रव्यवहार मी पाहतो, मेलची व्यवस्था एका तरुणाने करून दिली आहे. दोन शंका. असं झालं तर आलेली पत्रं हरवतात का? आणि "स्वीकारा" दाबल्याने पासवर्ड चोरीला जातो का? कारण गेल्या वर्षी मीही एकदा ते दाबलं आहे.

---

कुळागर (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:२०

मास्तर, पत्रं हरवत नाहीत. ती सर्व्हरवर येऊन पडतात, फक्त तुमचा फोन ती उचलायला कचरतो.

दुसरी शंका फार मोलाची आहे. प्रमाणपत्र दोन कामं करतं. एक, फोन आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करणं. दोन, समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे याची तिसऱ्या विश्वासू संस्थेने दिलेली ग्वाही. स्वतःच सही केलेल्या प्रमाणपत्राने कुलूप लागतं, ग्वाही मिळत नाही. आमच्याकडे त्या सोमवारी समोर आमचाच सर्व्हर होता, त्यामुळे पासवर्ड बाहेर गेले नाहीत.

मला टोचतंय ते पुढचं. त्या अकरा जणांना त्या सकाळी एक धडा मिळाला: हा इशारा आला की स्वीकारा दाबायचं आणि काम पुढे चालतं. उद्या त्यातलं कुणी पणजीच्या बसस्थानकावर किंवा एखाद्या हॉटेलच्या वायफायवर असेल, आणि मध्ये खरंच कुणी खोटा सर्व्हर उभा केला असेल, तर पडद्यावर हाच इशारा येईल. तेव्हा बोट सवयीने तिथेच जाईल आणि पासवर्ड सरळ त्या माणसाच्या हातात पडेल. सेटिंग मी वीस मिनिटांत परत आणली. ही सवय कशी परत घ्यायची ते मला कळत नाहीये.

तुम्ही गेल्या वर्षी दाबलंत ते कुठे होतात, घरी की बाहेर? आठवत नसेल तर पासवर्ड बदलून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

---

पोफळीचं_बन | रविवार, सकाळी ७:३०

मला वाटतं इतकं लांबवायची गरज नाही. कॉन्फन्यूच्या जागी कॉन्फओल्ड घाला, प्रश्न संपला. मी आठ वर्षं सगळ्या मशीनवर "माझीच फाइल ठेवा" असंच लावून ठेवलंय. आजवर एकही प्रमाणपत्र हललेलं नाही. स्वयंचलित सुरक्षा अपडेटसुद्धा त्याच पर्यायावर चालतात.

---

सांगेकडची | रविवार, सकाळी ९:०५

बाब, कॉन्फओल्डचा भरवसा मलाही होता. मडगावातल्या एका कार्यालयाचा सर्व्हर मी डेबियन १३ वर नेला तेव्हा तो मोडला.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं आणि त्यात डव्हकॉट २.४ आहे. २.३ ची मांडणी २.४ ला चालतच नाही. फायलीच्या सुरुवातीलाच ही मांडणी कोणत्या आवृत्तीची आहे ते लिहावं लागतं, त्यासाठी डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन अशी ओळ आहे. प्रमाणपत्राच्या ओळीचं नावच बदललं: एसएसएल_सर्टचं झालं एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाइल, एसएसएल_कीचं झालं एसएसएल_सर्व्हर_की_फाइल. आणि कुळागर म्हणतात ती कोनाची खूण आता तिथे लावायची नसते, कारण सेटिंगच फायलीचा मार्ग मागते. मी सगळ्या जुन्या फायली ठेवल्या होत्या, म्हणून डव्हकॉट उठलाच नाही. दोन तास कार्यालयाची मेल बंद होती.

कुळागरदादा, तुमचा लोकल.कॉन्फचा मार्ग मला पटतो, मीही तोच धरते. पण हेही लिहून ठेवा की वेगळी फाइल तुम्हाला पुसलं जाण्यापासून वाचवते, जुनं होण्यापासून वाचवत नाही. तुम्ही १३ वर जाल त्या दिवशी लोकल.कॉन्फ तुम्हालाच हाताने नव्याने लिहावी लागेल. मी काय केलं ते सांगते. जुन्या मशीनवर डव्हकॉन्फ -एन चालवून आपण नेमकं काय काय बदललंय त्याची यादी कागदावर उतरवली, शेहेचाळीस ओळी निघाल्या. मग एका रिकाम्या चाचणी मशीनवर २.४ बसवून प्रत्येक ओळ नव्या नावाने लिहिली. त्यातल्या सतरा ओळींची आता गरजच नव्हती. हे काम एका संध्याकाळचं आहे. अपग्रेडच्या आधी करायचं, नंतर नव्हे.

स्वयंचलित अपडेटबद्दल: ते करणारा अनअटेंडेड-अपग्रेड्स मुळात जिथे फायलीबद्दल प्रश्न येणार असेल ते पॅकेज वगळतो आणि तुमच्यासाठी ठेवतो. कॉन्फओल्ड लावलं की ते वगळणं थांबतं. म्हणजे थांबून पाहण्याची जी एक जागा होती तीही गेली.

---

माडाखाली | रविवार, सकाळी ११:४०

कंट्रोल पॅनेल (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ. पॅनेल या फायली साच्यातून पुन्हा पुन्हा तयार करतं, तिथे अपग्रेडचीही वाट पाहावी लागत नाही, एखादं खातं वाढवलं तरी तुमचा बदल जातो. बदल करायचा तर साच्यात करा किंवा पॅनेलने दिलेल्या वेगळ्या जागी. फाइलच्या माथ्यावर "ही फाइल हाताने बदलू नका" असं लिहिलेलं असतं, ते मनावर घ्या.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी ३:१०

माझा प्रकार वेगळा आणि जास्त महाग पडलेला. डव्हकॉट ठीक होता, पोस्टफिक्सचं प्रमाणपत्र गेलं.

डेबियनमध्ये पोस्टफिक्सची मेन.सीएफ ही पॅकेजमधून जशीच्या तशी येणारी फाइल नव्हे, ती बसवताना तयार होते. म्हणून साध्या अपग्रेडमध्ये ती सहसा वाचते, कुळागरचं ५८७ चांगलं राहिलं ते त्यामुळेच. मी मात्र एका भलत्याच अडचणीत पॅकेज "पर्ज" करून, म्हणजे सेटिंगसकट काढून, पुन्हा बसवलं. पर्जने मेन.सीएफ गेली, नवी तयार झाली, तिच्यात स्नेकऑइल. डोमेन, नेटवर्क, रिले सगळं आठवणीने भरलं, प्रमाणपत्राच्या ओळी राहिल्या.

आणि पहिला दिवस काहीच कळलं नाही, कारण २५ नंबरच्या पोर्टवर एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला मेल देतो तेव्हा बहुतेक जण प्रमाणपत्र कुणाचं आहे ते तपासत नाहीत. कुलूप लागलं की पुरे, मेल देऊन मोकळे. त्यामुळे बाहेरून मेल येत राहते आणि सगळं आलबेल वाटतं.

आमच्या डोमेनवर एमटीए-एसटीएस लावलेलं होतं, तेही "एन्फोर्स" वर. २०१८ साली आलेली ही व्यवस्था पाठवणाऱ्याला सांगते की आमचं प्रमाणपत्र खरं नसेल तर मेल देऊ नका. ती पाळणाऱ्या मोठ्या पुरवठादारांनी आमच्याकडची मेल थांबवली. बाकीच्यांची येत राहिली. म्हणजे एका ग्राहकाची येते, दुसऱ्याची येत नाही, आणि ज्याची येत नाही तो म्हणतो मी तर पाठवली. दुसऱ्या दिवशी टीएलएस अहवालाच्या मेलमध्ये (कुलूपबंद जोडण्या किती जमल्या, किती फसल्या याचा पाठवणाऱ्या पुरवठादारांकडून येणारा हिशेब) नापास जोडण्यांचा आकडा पाहिला तेव्हा उलगडा झाला. नशिबाने अडलेली मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत असते, पोस्टफिक्समध्ये मूळ मुदत ५ दिवसांची आहे. ओळी दुरुस्त केल्यावर बरीचशी त्या रात्रीत येऊन पडली.

डेन ही व्यवस्था वापरणाऱ्यांनी तर आणखी जपावं. तिथे प्रमाणपत्राचा ठसाच डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, लिहिलेला असतो. तो जुळला नाही की तपासणारा सर्व्हर मेल देतच नाही.

---

झुआरीपार | रविवार, दुपारी ४:००

@रात्रपाळी हे टीएलएस अहवाल कुणी उघडून वाचतं का रोज? आमच्याकडे एका खात्यात साठत राहतात.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी ४:२५

त्या दिवसापासून वाचतो. लहानशी स्क्रिप्ट आहे, नापास जोडण्यांचा आकडा शून्य नसेल तरच मला निरोप पाठवते.

---

म्हापसा_शुक्रवार | रविवार, रात्री ८:३०

याच विषयाला लागून एक. प्रमाणपत्राची फाइल नवी झाली तरी डव्हकॉट जुनंच दाखवत राहतो, कारण त्याने ते सुरू होतानाच वाचून ठेवलेलं असतं. रीलोड केल्याशिवाय तो पुन्हा पाहत नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं, सर्टबॉट हे साधन ते वेळेत नवं करतं, आपण निर्धास्त, आणि मुदतीच्या दिवशी फोन बोंब मारतात. यासाठी /ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय या फोल्डरमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही रीलोड करणारी. ही स्क्रिप्टही आपली स्वतःची फाइल, पॅकेज तिला हात लावत नाही.

पूर्वी मुदत जवळ आली की लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायची. ती सोय त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केली. आणि मुदती आणखी आखडत चालल्यात: ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांनी मिळून ठरवल्याप्रमाणे जास्तीत जास्त मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र विकत घेऊन बसवणाऱ्या मंडळींनी आत्ताच सवय बदलावी.

---

कुळागर (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:००

सांगेकडची ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. डव्हकॉन्फ -एन ची यादी आजच काढली. १३ वर जाण्याआधी चाचणी मशीन करणार, त्याशिवाय हात लावणार नाही.

रात्रपाळीचं वाचून माझी आणखी एक चूक ध्यानात आली. शनिवारी मी स्वतःलाच मेल पाठवून तपासलं होतं, तेही सर्व्हरवरूनच. त्या वाटेत प्रमाणपत्र लागतच नाही. सेवा चालू आहे का, हा प्रश्न मी विचारला. बाहेरच्याला ती कोणतं प्रमाणपत्र दाखवते, हे विचारलंच नाही.

म्हणून आता तपासणी बाहेरून करतो. वाळपईला माझ्या घरी एक जुना छोटा संगणक आहे, तो मोबाइलच्या जोडणीवरून रोज पहाटे ५ वाजता हे करतो:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट मेल.आमचंडोमेन:९९३ -सर्व्हरनेम मेल.आमचंडोमेन

त्यातून निघालेलं प्रमाणपत्र ओपनएसएसएल एक्स५०९ ला देऊन देणारा, शेवटची तारीख आणि ठसा या तीन गोष्टी काढतो. ४६५ साठी तसंच, ५८७ आणि २५ साठी -स्टार्टटीएलएस एसएमटीपी जोडायचं. ठसा चारही पोर्टवर एकच आला पाहिजे. देणाऱ्याचं नाव बदललं, ठसे जुळले नाहीत किंवा २० दिवसांपेक्षा कमी मुदत उरली, तर मला एसएमएस. मेल नको, मेलच बिघडलेली असेल तर निरोप कसा पोचणार.

आमच्याकडे पावसात वीज गेली की तास न् तास येत नाही. म्हणून पहाटेचा निरोप "सगळं ठीक" असला तरी येतोच, तो आला नाही तर घरचा संगणक बंद पडलाय असं समजतो.

आणि ईटीसीकीपर बसवला. तो सेटिंगचं संपूर्ण /ईटीसी फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवतो आणि पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर आपोआप नोंद करतो. आता अपग्रेडनंतर एका आज्ञेत दिसतं की कोणत्या फायलीतली कोणती ओळ हलली. आधी असता तर शनिवारीच दिसलं असतं. एक सावधगिरी: या गिटमध्ये तुमच्या खासगी किल्ल्याही जातात. ते कुठल्याही बाहेरच्या साठ्यावर चढवू नका.

---

सांगेकडची | रविवार, रात्री १०:४०

छान. त्या अकरा जणांबद्दल: थंडरबर्ड या मेल वाचायच्या ॲपमध्ये दाबलेलं "स्वीकारा" त्याच एका प्रमाणपत्रापुरतं असतं. सेटिंगमध्ये प्रमाणपत्रांचा व्यवस्थापक आहे, त्यातल्या सर्व्हर या भागात ते अपवाद दिसतात, काढून टाका. पण काही जुन्या फोनांच्या मेल ॲपमध्ये सुरक्षिततेच्या यादीत "एसएसएल, सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा" असा पर्याय असतो. कुणी चिडून तो निवडला असेल तर तुमचं प्रमाणपत्र परत आलं तरी तो फोन उद्या कुणाचंही मान्य करील, एक अक्षर न विचारता. प्रत्येक फोन हातात घेऊन बघा. तोंडी विचारू नका, लोकांना आठवत नाही.

---

पोफळीचं_बन | सोमवार, सकाळी ८:१५

रात्री झोपण्याआधी झुआरीपारने सांगितलेली शोधाशोध माझ्या सहा मशीनवर केली. यूसीएफ-डिस्ट आणि डीपीकेजी-डिस्ट मिळून ३१ फायली निघाल्या. सगळ्यात जुनी डेबियन १० च्या काळातली. म्हणजे इतकी वर्षं नव्या फायली येत होत्या आणि मी एकही वाचली नव्हती. एका मशीनवरच्या नव्या १०-एसएसएल.कॉन्फमध्ये टीएलएसची (जोडणी कुलूपबंद करण्याच्या पद्धतीची) किमान आवृत्ती १.२ आहे, माझ्या ठेवलेल्या फायलीत अजून १.० ला परवानगी. प्रमाणपत्र हललं नाही हे खरं, पण त्याच फायलीत हे राहून गेलं.

कॉन्फओल्ड मी पूर्ण सोडणार नाही, रात्री-अपरात्री ते बरं पडतं. पण माझे बदल आता लोकल फायलीत हलवतोय आणि मूळ फायली पॅकेजच्या हवाली करतोय. दोन मशीन झाली, चार बाकी.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, सायंकाळी ६:२०

कुळागर बाब, गेल्या वर्षी मी मुलाकडे पुण्याला जाताना रेल्वेत होतो, स्टेशनवरच्या वायफायवर. पासवर्ड बदलला. आमच्या त्या तरुणालाही बोलावून हा धागा वाचायला दिला. त्याने तपासलं, वाचनालयाच्या सर्व्हरवर प्रमाणपत्राच्या ओळी पॅकेजच्या फायलीतच होत्या. माझ्यासमोरच त्याने त्या काढून वेगळ्या फायलीत लिहिल्या, आणि स्वतःच्या फोनवरून बाहेरून उघडून दाखवलं. देणाऱ्याचं नाव मी स्वतः वाचलं. आता तो इशारा पुन्हा आला तर काही न दाबता त्याला फोन करायचा, असं ठरवून तसा कागद वाचनालयाच्या संगणकाशेजारी भिंतीला लावला आहे.

---

कुळागर (धागाकर्ता) | मंगळवार, दुपारी १:३०

मास्तर, तुमच्या कागदाची कल्पना उचलली. आमच्याकडेही आज हिशेब विभागात आणि गोदामात तसाच कागद लावला, खाली माझा नंबर.

अकरापैकी दहा फोन आणि संगणक हातात घेऊन पाहिले. सात ठिकाणी थंडरबर्डचे अपवाद होते, काढले. सांगेकडची ताई, तुम्ही म्हणालात तो "सर्व प्रमाणपत्रे स्वीकारा" पर्याय दोन फोनांवर सापडला. त्यातला एक गोदामाच्या पर्यवेक्षकांचा, आणि ते आठवड्यातून तीन दिवस गाडीबरोबर बाहेर असतात. दोन्ही बदलले, दोघांचे पासवर्डही बदलले. एका फोनवर काहीच नव्हतं, त्यांनी फक्त इशारा बंद केला होता.

अकरावे चवथीला काणकोणला गावी गेलेत, माटोळीचं (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताचं) सामान उतरवूनच येतो म्हणालेत. गुरुवारी कामावर आले की आधी फोन घेतो.